झोन कुणाचा?

सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत सकाळी पहिली धाव असते इन्क्युबेटरकडे. रात्रभर सदतीस अंशांवर ठेवलेल्या पेट्री डिश बाहेर काढायच्या, उजेडासमोर धरायच्या आणि मागून पट्टी लावायची. जीवाणूंच्या दुधाळ थरात औषधाच्या भोकाभोवती, म्हणजे 'वेल'भोवती, काचेसारखा स्वच्छ गोल पडला असेल, तर तो झोन. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस, जालन्यातल्या एका कॉलेजात प्रकल्प करताना, मला कायटोसनचा पहिला झोन मिळाला. डिश हातात घेऊनच सरांकडे पळालो. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं आणि विचारलं, "नुसत्या ॲसिडची वेल कुठंय?"

ती पाडलीच नव्हती.

कायटोसन कोळंबीच्या टरफलांतल्या कायटिनपासून बनतं, आणि ते पाण्यात विरघळत नाही. एक टक्का ॲसिटिक ॲसिडमध्ये, म्हणजे फिक्या व्हिनेगरमध्ये, ढवळत बसलं की शेवटी चिकट, मधासारखं द्रावण तयार होतं. व्हिनेगरमध्ये जंतू वाढत नाहीत, हे लोणचं घालणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं. दुसऱ्या दिवशी नुसत्या ॲसिडची वेल पाडून पाहिली, तर तिच्याभोवतीही झोन! माझ्या झोनपेक्षा किंचित लहान, एवढंच. शाबासकी बहुतेक व्हिनेगरलाच मिळायला हवी होती.

गेल्या चार दशकांतल्या या चाचण्यांकडे मागे वळून पाहताना मला वाटतं, तो घोळ माझ्या एकट्याचा नव्हता. कायटोसन हा पदार्थ काही नवा नाही. 1811 मध्ये फ्रान्समध्ये ब्राकोनो यांनी अळंबीतून कायटिन वेगळं केलं. 1859 मध्ये रूजे यांनी ते तीव्र अल्कलीत उकळलं, आणि 1894 मध्ये होपे-झायलर यांनी त्या नव्या पदार्थाचं 'कायटोसन' असं बारसं केलं. त्यानंतर कित्येक वर्षं तो बाटलीतच पडून होता म्हटलं तरी चालेल. 1977 मध्ये बोस्टनला कायटिन-कायटोसनवरची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि 1979 मध्ये ॲलन व हॅडविगर यांनी कायटोसन बुरशी रोखतं हे दाखवलं. तिथून जो तो भोकं पाडायला लागला.

भोक पाडण्याची रीत मुळात अँटिबायोटिकसाठी. किर्बी-बाउअर यांची 1966 ची चकतीची पद्धतही अँटिबायोटिकसाठीच. पेनिसिलिनचा रेणू इवलासा, अगरमधून सहज पसरतो. कायटोसन म्हणजे लांबलचक साखळी, तिला अगरमधून सरकणं जमत नाही. त्यामुळे झोन लहान पडला म्हणून द्रव्य दुबळं ठरत नाही, आणि मोठा पडला तर आधी ॲसिडवर संशय घ्यावा.

मग नळीतल्या पातळ माध्यमात करून पाहावं, तर तिथं वेगळीच गंमत. कायटोसनचे अमिनो गट आम्लात धनभारित होतात आणि जीवाणूच्या ऋणभारित पृष्ठभागाला चिकटतात. कायटोसनचा मारा मुख्यतः यामुळेच होतो असं मानतात. पीएच साडेसहाच्या वर गेला की हा भार ओसरतो आणि कायटोसन द्रावणातून बाहेर पडतं. जगभर प्रमाण मानलेल्या म्युलर-हिंटन माध्यमाचा पीएच मात्र सातच्या वर! नळीत कापसाच्या तंतूंसारखे धागे तरंगायला लागतात, पाणी गढूळ होतं. आणि आपण शिकलेलो असतो की गढूळ म्हणजे जीवाणू वाढले. डोळ्यांनी वाचली तर ती नळी हमखास फसवते. म्हणून आता आम्ही रेसाझुरीन घालतो. जिवंत पेशी असतील तर निळा रंग गुलाबी होतो. किंवा सरळ नळीतला थेंब नव्या डिशवर पसरवून वसाहती मोजतो. काम कंटाळवाणं, पण भरवशाचं.

तिसरी अडचण नावाची. जुन्या शोधनिबंधांत नुसतं 'कायटोसन' लिहिलेलं सापडतं. साखळी किती लांब, कायटिनमधले ॲसिटिल गट किती टक्के निघाले, याचा पत्ता नाही. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 मध्ये महिको ही बियाण्यांची कंपनी सुरू केली, त्या जालन्यात वाण विचारल्याशिवाय कुणी बियाण्याच्या पिशवीला हात लावत नाही. 'गहू द्या' म्हटलं तर दुकानदार तोंडाकडे बघतो. इथं मात्र कितीतरी वर्षं 'गहू पेरला, असा असा आला' याच थाटात निष्कर्ष छापून येत होते.

समुद्र आमच्यापासून चारेकशे किलोमीटरवर, त्यामुळे कायटिन देणारी कोळंबीची टरफलं हा कोकणाचा माल. पण कायटिन कीटकांतही, म्हणजे रेशीमकिड्यांतही असतं. 2018 मध्ये जालन्याच्या बाजार समितीत रेशीम कोषांची बाजारपेठ सुरू झाली. तोवर शेतकरी कोष घेऊन थेट कर्नाटकात रामनगरला जात. त्याच वर्षी मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजीचं (आयसीटी) मराठवाडा केंद्रही जालन्यात सुरू झालं. म्हणजे माल आणि रसायनशास्त्र दोन्ही एकाच वर्षी गावात आले. मोसंबी तर आधीपासून होतीच. काढणीनंतर तिच्यावर चढणारी हिरवी बुरशी, पेनिसिलियम, ही आमच्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत नेहमीची पाहुणी. सालीवर कायटोसनचा पातळ थर देऊन फळ किती दिवस तग धरतं, ते पाहायचं. शेजारच्या टोपलीत नुसत्या ॲसिडमध्ये बुडवलेली फळंही ठेवायची, हे आता सांगावं लागत नाही.

सगळ्याच बुरशा मात्र ऐकत नाहीत. ऱ्हायझोपस, म्युकर यांच्या पेशीभित्तिकेत मुळातच कायटोसन असतं, त्यामुळे बाहेरून लावलेल्याचं त्यांना फारसं काही वाटत नाही. एकदा पेनिसिलियमऐवजी एका फळावर काळ्या टाचण्यांसारखा ऱ्हायझोपस उगवला, तेव्हा प्रकल्प फसला म्हणून एक विद्यार्थिनी रडवेली झाली होती. तिला म्हटलं, हे पान वहीतून फाडू नकोस.

मागे मी स्वतः रेशीम काढून उरलेले कोषकीटक आणून पाहिले. वाळवले, तेल काढलं, सौम्य आम्लात ठेवले, अल्कलीत शिजवले. मूठभर मालातून चिमूटभर तपकिरी भुकटी हाती आली. वास मात्र मूठभराचाच होता. दोन दिवस हात धूत होतो, आणि घरी पहिलाच प्रश्न आला, "आज काय मेलं होतं तिकडे?"