पॉवर विडरचे ऑइल : पट्टी नीट वाचा



ऊस बांधणीला पॉवर विडर वापरणाऱ्या सभासदांसाठी आम्ही हे लिहीत आहोत. या लहान फोर-स्ट्रोक पेट्रोल इंजिनांत बहुधा ऑइलचा पंप नसतो. कनेक्टिंग रॉडच्या तळाचा चमचा ऑइल उडवतो, त्यावरच पिस्टनचे वंगण चालते. होंडा जीएक्स १६० मध्ये सारे मिळून सुमारे ०.६ लिटरच ऑइल मावते. त्यात थोडी जरी घट झाली, तरी ऐन बांधणीत पिस्टन जाम व्हायची भीती.

रोज काम सुरू करण्यापूर्वी तपासणी करावी. यंत्र सरीत तिरके असताना पाहू नये, सपाट जागी घ्यावे. इंजिन चालू असल्यास बंद करून थोडा वेळ थांबावे, म्हणजे उडालेले ऑइल खाली उतरते. झाकणाभोवतीची माती पुसावी, नाहीतर तीच आत जाते. मग पट्टी काढून स्वच्छ फडक्याने पुसावी आणि पुन्हा घालून पाहावी.

घोटाळा इथेच होतो. जीएक्स १६० मध्ये पट्टी नुसती टेकवायची, आटे फिरवायचे नाहीत. फिरवले तर पट्टी जादा खोल जाते नि कमी ऑइलही पुरेसे दिसते. काही इंजिनांत मात्र झाकण पूर्ण आवळूनच पाहायचे असते. तेव्हा आपल्या यंत्राची पुस्तिका पाहावी.

ऑइल वरच्या खुणेपर्यंतच भरावे. जादा झाले तर धूर येतो, एअर फिल्टर भिजतो. टू-स्ट्रोक इंजिनाला पट्टी नसते. त्याचे ऑइल पेट्रोलमध्येच मिसळतात.

दोन मिनिटांचे हे काम गड्यावर न सोपवता स्वतः करावे, ही विनंती.