वरच्या वजनाची कुस्ती

कमी वजनाचा मुष्टियोद्धा हेवीवेट गटात गेला तर टिकतो का, हा वाद मुष्टियुद्धाच्या शौकिनांत शंभर वर्षांहून अधिक काळ चालू आहे. मराठवाड्यात मुष्टियुद्धाचे वेड कधी फारसे नव्हते, पण हाच प्रश्न इथल्या कुस्तीच्या फडात दर हंगामाला उभा राहतो. नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यातील माळेगावच्या खंडोबाची यात्रा असो की लातूरची सिद्धेश्वर यात्रा, जत्रेच्या कुस्तीत जोड सहसा नजरेने ठरते. पंच दोघा मल्लांना हाताला धरून फडात फिरवतात, हलगी वाजत राहते आणि कडेला बसलेले जाणते लोक मान, खांदे, मांड्या न्याहाळतात. एक मल्ल नजरेत भरण्याइतका थोराड असला की ‘जोड लागत नाही’ अशी ओरड उठते. पण शेवटच्या इनामाच्या कुस्त्यांपर्यंत येता येता निवडीला मल्लच थोडे उरतात. मग ऐंशी-पंच्याऐंशी किलोचा गडी शंभराच्या पुढच्या गड्याशी हात मिळवताना दिसतो.

महाराष्ट्र केसरीच्या गदेसाठीही हीच स्थिती आहे. ही स्पर्धा १९६१ साली औरंगाबादला सुरू झाली. आज तिच्या किताबाच्या गटाला ८६ ते १२५ किलो अशी चौकट आहे. चौकट म्हणावी तर आहे, पण तिच्या खालच्या आणि वरच्या टोकांत ३९ किलोंचे अंतर पडते. ऑलिम्पिकमध्येही फ्रीस्टाइलचे वरचे गट ८६, ९७ आणि १२५ किलो असे आहेत. म्हणजे ज्याचे वजन ९७ किलोपर्यंत खाली येत नाही, त्याला १२५ किलोच्या मल्लांतच उतरावे लागते. व्यावसायिक मुष्टियुद्धात तर २०० पौंडांच्या, म्हणजे सुमारे ९१ किलोंच्या, पुढे छतच नाही.

या प्रश्नाचे सर्वांत चांगले मराठी उदाहरण लातूर जिल्ह्यातलेच आहे. निलंगा तालुक्यातील रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार १९६९ साली महाराष्ट्र केसरी झाले. ती स्पर्धा लातुरातच भरली होती. पुढच्याच वर्षी एडिंबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत भारताला पाच सुवर्णपदके मिळाली, पाचही कुस्तीत, आणि त्यांतले ८२ किलो गटाचे पदक बिराजदारांचे होते. आंतरराष्ट्रीय मोजमापाने जो मल्ल मधल्या गटातला ठरत होता, त्यानेच वर्षभर आधी राज्यातल्या भारी मल्लांतून गदा उचलली होती. पुढे ते रुस्तुम-ए-हिंद झाले. दिल्लीच्या सतपालवरचा त्यांचा विजय जुने शौकीन अजून रंगवून सांगतात. सतपाल म्हणजे १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत १०० किलो गटाचे सुवर्ण मिळवणारे मल्ल. हे लक्षात घेतले की त्या कुस्तीचे वजन कळते.

तरीही बिराजदारांच्या उदाहरणावरून घाईने निष्कर्ष काढू नये. ८२ किलोचा मल्ल लहान नव्हे, तो फक्त सर्वांत मोठा नव्हे. वर चढण्याच्या बहुतेक यशस्वी गोष्टी अशाच, एका किंवा दोन पायऱ्यांच्या आहेत. खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये ५२ किलो गटात सहावे आले आणि १९५२ साली हेलसिंकीला ५७ किलो गटात त्यांनी कांस्यपदक मिळवले. तीही एकच पायरी होती. ५७ किलोचा गडी १२० किलोच्या गड्याला चीतपट करतो, ही गोष्ट सिनेमातच शोभते.

असे का होते, याचा हिशेब भूमितीत आहे. स्नायूची ताकद त्याच्या आडव्या छेदाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असते, तर शरीराचे वजन घनफळावर. बांधा तोच ठेवून माणूस सर्व बाजूंनी दहा टक्के मोठा केला, तर त्याची ताकद सुमारे २१ टक्के वाढते, पण वजन सुमारे ३३ टक्के. म्हणून भारी माणूस एकूण ताकदीने जास्त असतो, पण किलोमागे त्याची ताकद कमी भरते. भारोत्तोलनात हे उघड दिसते. तुर्कस्तानच्या नईम सुलेमानोलूने १९८८ च्या सोल ऑलिम्पिकमध्ये ६० किलो गटात १९० किलो उचलले, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या तिपटीहून जास्त. सर्वांत वरच्या गटातले महारथी जेमतेम दीडपटीच्या आसपास राहतात. हलक्या माणसाला स्वतःचे अंग हलवणे सोपे जाते, तो लवकर वळतो, लवकर उठतो आणि त्याचा दम उशिरा सुटतो. मात्र समोरच्याचे अंग हलवायची वेळ आली की मोजली जाते ती एकूण ताकद, आणि तिथे भारी माणूस वरचढ ठरतो. हलक्याने वर जावे की नाही, याचे उत्तर त्या खेळात यांतले कोणते काम जास्त पडते यावर ठरते.

मुष्टियुद्धात पहिले काम जास्त पडते. प्रतिस्पर्ध्याला उचलायचे नसते, त्याच्या टप्प्याबाहेर राहायचे असते. त्यामुळे तिथे हलक्यांच्या यशाची यादी बऱ्यापैकी लांब आहे. बॉब फिट्झसिमन्स हा मिडलवेट विजेता १८९७ साली नेवाडातल्या कार्सन सिटीत जेम्स कॉर्बेटला हरवून हेवीवेट विजेता झाला, तेव्हा त्याचे वजन सुमारे ७६ किलो होते. मायकेल स्पिंक्सने १९८५ मध्ये लॅरी होम्सला गुणांवर हरवले आणि हेवीवेट किताब घेणारा तो पहिला लाइट हेवीवेट विजेता ठरला. रॉय जोन्सने मार्च २००३ मध्ये जॉन रुइझला हरवले, तेव्हा दोघांत जवळजवळ १५ किलोंचा फरक होता. युक्रेनचा ऑलेक्झांडर उसिक २०१८ साली क्रूझरवेटचे चारही किताब मिळवून वर आला आणि मे २०२४ मध्ये टायसन फ्युरीला हरवून हेवीवेटचाही निर्विवाद विजेता झाला. त्या रात्री उसिक सुमारे १०१ किलोंचा होता आणि फ्युरी सुमारे ११९.

हरलेल्यांची नावेही तितकीच वजनदार आहेत. बिली कॉन १९४१ मध्ये जो लुईविरुद्ध बारा फेऱ्यांनंतर गुणांवर पुढे होता. तेराव्या फेरीत तो सरळ भिडायला गेला आणि बाद झाला. स्पिंक्सला १९८८ मध्ये माइक टायसनने ९१ सेकंदांत आडवे केले. वरच्या गटात चुकीची किंमत वाढते, हे या दोन लढतींत स्वच्छ दिसते. स्वतःच्या गटात जो ठोसा पचला असता, तोच तिथे लढत संपवतो. आणि एक गोष्ट यशाच्या कथांत बहुधा वगळली जाते, ती म्हणजे प्रतिस्पर्ध्याची निवड. जोन्सने रुइझला निवडले, कारण रुइझ भारी असला तरी चपळ नव्हता. त्या काळच्या सर्वांत धोकादायक हेवीवेटशी तो लढला नाही. यात गैर काही नाही, पण असा विजय मोजताना तेवढे वजा करायला हवे.

कुस्तीत चित्र जास्त कठीण आहे, कारण तिथे अंग अंगाला लागते. भारी मल्ल मानेवर हात टाकून नुसता रेलला तरी हलक्याला ते ओझे वाहावे लागते, आणि दोन-तीन मिनिटांत मांड्या भरून येतात. खाली सापडल्यावर तर आणखी पंचाईत. वरून सवारी भरलेल्या ११५ किलोंच्या खालून निसटणे हे डावपेचांइतकेच दमाचे काम असते. म्हणून वर जाणाऱ्याला डावही निवडून लावावे लागतात. कलाजंगात प्रतिस्पर्ध्याला खांद्यावर घ्यावे लागते, तेव्हा तो डाव भारी मल्लावर लावणे म्हणजे स्वतःच्याच कमरेशी वैर. एकेरी पट काढून झटकन मागे जाणे, बगल डुबकी मारून कबजा घेणे, समोरचा ज्या दिशेने रेटतो त्याच दिशेने त्याला ढाकेवर काढणे, असे डाव हलक्याला मानवतात. त्यांत प्रतिस्पर्ध्याचे वजन उचलावे लागत नाही, ते त्याच्याच अंगावर उलटते.

माती आणि मॅट यांचाही फरक पडतो. जत्रेतल्या मातीच्या कुस्तीत जुन्या रिवाजाप्रमाणे निकाल चीतपटीवर लागतो, गुणांची भानगड नसते. लढत लांबवून भारी मल्लाचा दम काढणे हलक्याच्या हातात असते. उलट मऊ मातीत पाय रुततात आणि पट काढायला लागणारी झेप मंदावते. मॅटवर झेप मिळते, पण तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांत सगळे उरकायचे असते आणि रिंगणाबाहेर ढकलले की समोरच्याला गुण जातो. नुसते रेटून गुण मिळवता येतात, हा नियम भारी मल्लाच्या पथ्यावर पडतो. तरीही अपवाद आहेत. अमेरिकेचा काइल स्नायडर हा ९७ किलो गटातला ऑलिम्पिक विजेता. २०१८ च्या अमेरिकी महाविद्यालयीन हेवीवेट अंतिम फेरीत त्याने त्याच्याहून वीसेक किलोंनी भारी अ‍ॅडम कूनला ३-२ असे हरवले. त्याच्या महिनाभर आधी कूननेच त्याला हरवले होते. अशा जोडीत हलक्याचा विजय किती बारीक फरकाने होतो, हे त्या गुणफलकावरून दिसते.

आता राहिला खुराक. वरच्या गटात जायचे तर वजन वाढवावे लागते, आणि दूध, तूप, बदामाची थंडाई यांनी ते वाढतेही. पण तालमीतले वस्ताद वाढलेले वजन काट्यावर बघत नाहीत, जोर-बैठकांत आणि लढतीत बघतात. मांडी, पाठ आणि मान यांवर चढलेले मांस कामाला येते, पोटावरचे ओझे होते. सराव करणाऱ्या प्रौढ मल्लाच्या अंगावर कसदार मांस सावकाशच चढते, आणि हाडांचा सापळा तर वाढत नाहीच. घाईने पंधरा किलो वाढवणारा मल्ल बहुधा हलक्याची चपळाई घालवतो आणि भारी मल्लाची ताकदही कमावत नाही. उसिक क्रूझरवेटचा विजेता असतानाच सहा फूट तीन इंच उंच होता, वर आल्यावर त्याने अंग दमादमाने भरले. बुटक्या बांध्याच्या माणसाला ही सोय नसते.

खाली परतणे हा याचाच दुसरा भाग, आणि तो बहुतेकांना वर जाण्याहून महाग पडला. रुइझला हरवल्यावर जोन्स पुन्हा लाइट हेवीवेटमध्ये उतरला. नोव्हेंबर २००३ मध्ये अँटोनियो टार्व्हरशी तो कसाबसा जिंकला आणि मे २००४ मध्ये त्याच टार्व्हरने त्याला दुसऱ्याच फेरीत झोपवले. कमावलेले मांस झपाट्याने उतरवण्याचा हा परिणाम, असे अनेक जाणकार मानतात. वय हेही कारण असणारच, तो तेव्हा पस्तिशीचा होता.

पुन्हा कुस्तीकडे वळू. निवृत्तीनंतर बिराजदारांनी पुण्यात गोकुळ वस्ताद तालमीत मुले घडवली. २०११ मध्ये त्यांचे निधन झाले. लातूरचेच ग्रीको-रोमन मल्ल आणि अर्जुन पुरस्काराचे मानकरी काका पवार स्वतः लहान वजनात खेळले, पण जानेवारी २०२० च्या महाराष्ट्र केसरीच्या अंतिम फेरीत भिडलेले दोन्ही भारी मल्ल, नाशिकचा हर्षवर्धन सदगीर आणि लातूरचा शैलेश शेळके, त्यांचेच शिष्य होते. सदगीर ३-२ ने जिंकला. या दोन्ही वस्तादांच्या हाताखाली तयार झालेला बीड जिल्ह्यातील पाटोद्याचा राहुल आवारे मात्र गदेच्या गटाकडे वळला नाही, तो आपल्या बांध्याच्या वजनातच राहिला. त्याने २०१८ च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलो गटात सुवर्ण मिळवले आणि २०१९ मध्ये नूर-सुलतानच्या जागतिक स्पर्धेत ६१ किलो गटात कांस्य. ही चढण चार किलोंची होती. ६१ किलोचा गट ऑलिम्पिकमध्ये नाही, तिथे ५७ नंतर थेट ६५ किलोचा गट येतो.