गाडीची बॉडी बदलण्याआधी आरसी बुक वाचा

गेल्या वर्षी टेंभुर्णीत आमच्या बैठकीत एक कल्पना निघाली. जुनी मिनीबस घ्यायची, मागच्या सीट काढायच्या, एका बाजूला पुस्तकांचे रॅक, दुसऱ्या बाजूला झोपायचे बर्थ, कोपऱ्यात गॅसची शेगडी आणि वर पाण्याची टाकी. वर्षभर माढा-करमाळ्याच्या गावांतून वाचनाचा कार्यक्रम करायचा. ऑक्टोबरला नागपूर, ६ डिसेंबरला दादर, १ जानेवारीला भीमा कोरेगाव. लॉजचा खर्च वाचेल आणि बाबासाहेबांची पुस्तके लोकांच्या दारात जातील.

कल्पना सगळ्यांनाच आवडली. बॉडीचे काम करणाऱ्या एका कारागिराला विचारले, तर तो म्हणाला, "पासिंगची काळजी करू नका, ते होऊन जातं." या एका वाक्यामुळे आम्ही थांबलो आणि नियम वाचायला बसलो. जे समजले ते इथे मांडत आहोत, कारण असा विचार अनेक गावांतल्या मंडळांत चालू आहे.

कायद्याच्या नजरेत ही गाडी कोण?

पहिला प्रश्न इंजिनाचा किंवा ब्रेकचा नाही, वर्गाचा आहे. केंद्र सरकारच्या ५ नोव्हेंबर २००४ च्या अधिसूचनेत वाहनांची दोन गटांत यादी दिली आहे: परिवहन आणि बिगर-परिवहन. खासगी वापराची कॅम्पर व्हॅन बिगर-परिवहन गटात येते. इतर कॅम्पर व्हॅन परिवहन गटात येतात. आणि आमच्यासाठी महत्त्वाचे म्हणजे, फिरत्या वाचनालयाची गाडीही परिवहन गटातच आहे.

म्हणजे एखाद्या कुटुंबाने स्वतःच्या प्रवासासाठी घेतलेली कॅम्पर आणि मंडळाची पुस्तकगाडी आतून सारखी दिसली, तरी दोघींचे नियम वेगळे. त्यात वर्गणीचा मुद्दा आहे. कायदा 'भाडे किंवा मोबदला' घेतला का, हे पाहतो. आपण प्रत्येकाकडून पाचशे रुपये काढून त्याला वर्गणी म्हणू, पण अपघातानंतर समोरचा वकील त्याला भाडेच म्हणेल.

ब्रिटनमध्येही हाच भेद आहे. राहण्यासाठी तयार केलेली मोटार कॅराव्हॅन कितीही वजनाची असली, तरी तिची वार्षिक तपासणी साध्या गाड्यांच्या वर्गात होते. पण त्याच गाडीतून राहण्यासाठी लागणाऱ्या सामानापलीकडचा माल नेला आणि वजन ३,५०० किलोच्या वर गेले, तर तिला मालट्रकची कडक तपासणी लागू शकते. विक्रीची पुस्तके हा तिथेही माल आणि इथेही माल.

पासिंगच्या आधीची पायरी

आपल्याकडे समज असा की गाडी बनवायची आणि मग पासिंगला न्यायची. क्रम उलटा आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, आरसी बुकातील तपशील उत्पादकाने मूळ दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधून आलेल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे ठामपणे सांगितले. सीटची संख्या, बॉडीचा प्रकार, गाडीचे वजन हे सगळे आरसी बुकावर असते. आपण सीट काढून बर्थ बसवतो, तेव्हा नेमके तेच बदलतो.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ नुसार बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. 'प्रत्येक बदलामागे' हे शब्द लक्षात ठेवा. गाडी मंडळाची असली, तरी आरसीवर बहुधा एखाद्या कार्यकर्त्याचेच नाव असते.

मग रीतसर मार्ग काय? मोटार कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे वेगळे मानक आहे. त्याला धरून बनवलेली आणि मान्यताप्राप्त संस्थेने तपासलेली गाडीच कॅराव्हॅन म्हणून नोंदवता येते. अशा चाचणी संस्था आपल्यापासून फार लांब नाहीत: पुण्यात एआरएआय, भोसरीत सीआयआरटी, अहिल्यानगरजवळ व्हीआरडीई. पण ही व्यवस्था कारखानदारांसाठी उभी राहिली आहे. एकच गाडी बनवणाऱ्या मंडळाला तिचा खर्च झेपत नाही. म्हणून काम सुरू करण्याआधी आराखडा घेऊन परिवहन कार्यालयात जा आणि उत्तर लेखी घ्या. कारागिराचा शब्द हा परवाना नसतो.

पासिंगला काय बघतात

परिवहन गटातील गाडीला योग्यता प्रमाणपत्र, म्हणजे आपल्या भाषेत पासिंग, बंधनकारक आहे. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत ते दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी घ्यावे लागते. खासगी बिगर-परिवहन गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांचे नूतनीकरण होते. आपण घेतो ती स्वस्त मिनीबस बहुधा आठ वर्षांपेक्षा जुनीच असते. म्हणजे खर्च एकदाचा नाही, दरवर्षीचा.

तपासणीत ब्रेक, स्टिअरिंग, हेडलाइटचा झोत, इतर दिवे, रिफ्लेक्टर, आरसे, काचा, वायपर, हॉर्न, सायलेन्सर, स्पीडोमीटर आणि धूर पाहतात. सप्टेंबर २०२१ च्या नियमांनुसार हे काम टप्प्याटप्प्याने स्वयंचलित केंद्रांकडे जात आहे. तिथे ब्रेकचा जोर यंत्र मोजते. कलम ५६ सांगते की वैध योग्यता प्रमाणपत्र नसेल, तर परिवहन वाहनाची नोंदणीच वैध मानली जात नाही.

पण पासिंग झाले म्हणजे गाडी सुरक्षित झाली, असेही नाही. साधा हिशेब करा. २०० लिटर पाणी म्हणजे २०० किलो. तीनशे ग्रॅमची हजार पुस्तके म्हणजे ३०० किलो. आठ माणसे म्हणजे पाचशेच्या वर. हजार किलो इथेच झाले, आणि रॅक, बर्थ, बॅटरी अजून मोजलेच नाहीत. पाण्याची टाकी टपावर असेल, तर वळणावर गाडी कलते.

आणि आग. १ जुलै २०२३ ला समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ बस उलटून पेटली आणि २५ जण गेले. त्याच वर्षी २६ ऑगस्टला मदुराई स्थानकात यात्रेकरूंच्या रेल्वे डब्यात, चोरून आणलेल्या गॅस सिलिंडरमुळे आग लागून नऊ जणांचा जीव गेला. बंद गाडीत शेगडी, जोडून वाढवलेली वायरिंग आणि बर्थने अडलेला आपत्कालीन दरवाजा हे तिन्ही एकत्र आले, तर बाहेर पडायला वेळ मिळत नाही.

सगळ्यात मोठा प्रश्न विम्याचा

दंड भरून माणूस सुटतो. विमा नाकारला गेला, तर कुटुंब बसते. मालवाहू टेम्पोत नुसते प्रवासी म्हणून बसलेल्यांची भरपाई विमा कंपनीवर येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ च्या आशा राणी खटल्यात म्हटले आहे. मालासोबत असलेला मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी एवढाच अपवाद. तेव्हा ताडपत्री टाकलेल्या टेम्पोतून अभिवादनाला निघालेली मजूर माणसे कुठे उभी राहतात, ते पाहा. बदललेल्या गाडीचा बदल विमा कंपनीला कळवलेला नसेल, तर तिथेही दावा अडवायला कारण मिळते.

लायसन्सबाबत मात्र दिलासा आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने स्पष्ट केले की हलक्या वाहनाचे लायसन्स असलेला चालक ७,५०० किलोपर्यंत एकूण वजनाचे परिवहन वाहन चालवू शकतो. त्यापुढच्या गाडीला वेगळे लायसन्स हवे.

आम्ही काय ठरवले

आम्ही मिनीबस घेतली नाही. माणसांसाठी परमिटची बस भाड्याने घ्यायची, पुस्तके पेट्यांत भरून मालवाहू गाडीने पाठवायची आणि गावात उतरून घडीच्या टेबलांवर मांडायची, असे ठरले. दिसायला ते ग्रंथरथाइतके देखणे नाही. पण वाचणाऱ्याला पुस्तक टेबलावरचे आहे की रॅकमधले, याने फरक पडत नाही.

बस ठरवताना एक सवय लावून घ्या. एम-परिवहन ॲपमध्ये गाडीचा नंबर टाका. वर्ग, योग्यता प्रमाणपत्राची मुदत आणि विमा दिसतो. परमिटची प्रत मालकाकडून मागून घ्या. प्रवासाच्या दिवशी आपत्कालीन दरवाजा उघडून पाहा आणि अग्निशामक हाताशी आहे ना, ते बघा. दहा मिनिटांचे काम आहे.

दोन मागण्याही केल्या पाहिजेत. परिवहन कार्यालयांनी वाहनबदलाचे नियम सोप्या मराठीत फलकावर लावावेत. आणि ऑक्टोबर, डिसेंबर, जानेवारीत तालुक्याच्या गावांतून पुरेशा एसटी सोडाव्यात. गरीब माणूस टेम्पोत हौसेने बसत नाही, बस नसते म्हणून बसतो. गेल्या राज्य सरकारांनी २०२१ मध्ये पर्यटनासाठी कॅराव्हॅन धोरण आणले, तसा विचार या प्रवाशांसाठीही व्हायला हवा.

नियमाला कटकट समजणे सोपे आहे. पण अभिवादनाला गेलेला प्रत्येक जण घरी परत यावा, एवढीच त्यामागची अपेक्षा आहे आणि ती आपलीही आहे.

जय भीम!