किल्लारीनंतरचे संवाद सहायक

गावपातळीवरचा कृतिगट ठोस कामातून उभा राहिला तर टिकतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादच्या गावांत हे दिसले. सर्वाधिक उद्ध्वस्त गावे नव्या जागी वसवण्यात आली. मात्र शेकडो गावांत पडझड झालेली घरे मालकांनीच दुरुस्त करायची होती आणि त्यासाठी सरकारी मदत मिळणार होती. प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने तिथे गावातल्याच स्त्रियांना 'संवाद सहायक' म्हणून तयार केले. या बायका अनुदानाची माहिती घरोघरी सांगत, भूकंपरोधक बांधणी शिकत आणि लोकांच्या तक्रारी अधिकाऱ्यांपर्यंत नेत. त्यांचे खरे बळ या मधल्या जागेत होते. गावाला त्यांची ओळख होती आणि कचेरीला त्यांची गरज होती.

घरांचे काम संपले की असे गट सहसा विरतात. इथे बचतगट, पाणी, आरोग्य असे पुढचे विषय हाती आले. २००१ च्या भूजच्या भूकंपानंतर यांतल्या काही जणींनी गुजरातेत जाऊन तिथल्या स्त्रियांना आपला अनुभव सांगितला.

मंद्रूपसारख्या दक्षिण सोलापुरातल्या गावात असा गट उभा करायचा तर पाणी हा पहिला विषय ठरू शकतो. टंचाई प्रत्येक घराला कळते. गटाच्या कामाचा हिशेब मात्र पहिल्या दिवसापासून ग्रामसभेत वाचला जायला हवा.