पंधरा कोटी अंशांपुढची भिंत

पिवळा उजेड देणारा तारेचा दिवा आतां बहुतेक घरांतून गेला. परंतु त्याच्या आंतील केसासारखी बारीक तार वडीलधाऱ्या श्रोत्यांना आठवत असेल. ती टंगस्टनची असे. हा धातु ३४२२ अंश सेंटिग्रेडपर्यंत वितळत नाहीं. इतकी उष्णता दुसरा कोणताही धातु सोसत नाहीं. मात्र थंड असतां तो मोठा ठिसूळ. १९१० च्या सुमारास अमेरिकेंत विल्यम कूलिज यांनीं त्याची चिवट तार काढण्याची युक्ति शोधीपर्यंत दिव्यांतील टंगस्टन जरा धक्का लागतांच तुटे. हाच धातु आज निराळ्याच कामासाठीं पुढें आला आहे, आणि त्याचा ठिसूळपणा तेथेंही आडवा येत आहे.

सूर्य ज्या क्रियेनें तळपतो ती क्रिया, म्हणजे हलक्या अणुगर्भांचें संमीलन, पृथ्वीवर घडवून वीज काढावी हा मनोरथ जुना आहे. १९५५ सालीं जिनीव्हा येथील परिषदेच्या अध्यक्षस्थानावरून डॉ. होमी भाभा यांनीं वीस वर्षांत त्याचा मार्ग सांपडेल असें भाकीत केलें होतें. त्या विसांचीं सत्तर वर्षें होऊन गेलीं. विलंबाचीं कारणें अनेक. त्यांतील एकाविषयीं, म्हणजे भट्टीच्या भिंतीविषयीं, आज बोलावयाचें आहे.

या भट्टींत ड्यूटेरियम व ट्रिटियम हे हायड्रोजनचे दोन जड भाऊ १५ कोटी अंशांपर्यंत तापवावे लागतात. सूर्याच्या गाभ्याच्या हें दसपट झालें. अशा तापानें अणूंतील इलेक्ट्रॉन सुटे होऊन जो विद्युन्मय वायु बनतो, त्यास प्लाझ्मा म्हणतात. मग भिंत क्षणांत वितळत कशी नाहीं? एक तर प्लाझ्मा अत्यंत विरळ असतो. फ्रान्समध्यें कादाराश येथें भारतासह अनेक देश मिळून 'ईटर' नांवाची भट्टी उभारीत आहेत. तिच्या ऐसपैस पोटांत ग्रॅमभरही वायु मावावयाचा नाहीं. दुसरें असें, कीं तो चुंबकीय क्षेत्रानें अधांतरीं धरलेला असतो. पण हा पिंजरा अभेद्य नव्हे. कडेचे कण निसटतातच; शिवाय संमीलनांतून उरणारी हीलियमची राख बाहेर काढावीच लागते. चुलींतील राख कोणाला चुकली आहे? ही राख व तिच्याबरोबरचा ताप तळच्या एका अरुंद पट्ट्यावर मुद्दाम वळवितात. तेथें दर चौरस मीटरवर सुमारें १ कोटी वॅट उष्णता आदळते. वैशाखांतील दुपारचें ऊन तेवढ्याच जागेवर हजार वॅटच्या आसपास असतें. म्हणून त्या पट्ट्यावर टंगस्टनचे ठोकळे बसवून त्यांच्या पोटांतून तांब्याच्या मिश्रधातूच्या नळ्यांनीं पाणी खेळवितात.

तथापि भिंत वितळूं नये एवढ्यानें भागत नाहीं. भिंतीनें प्लाझ्मा नासवूंही नये. आदळणारे कण भिंतीचे अणु उडवितात आणि ते आंत शिरतात. टंगस्टनच्या अणूंत ७४ इलेक्ट्रॉन. पंधरा कोटी अंशांवरही ते सगळे सुटत नाहींत, आणि उरलेले इलेक्ट्रॉन प्लाझ्म्याची उष्णता क्ष-किरणांच्या रूपानें बाहेर फेकतात. दहा हजार कणांमागें टंगस्टनचे दोन-तीन अणु मिसळले, तरी भट्टी स्वतःच्या तापावर पेटती राहणार नाहीं. दुधांत मिठाचा खडा पडावा तसेंच हें.

प्रिन्स्टन येथें १९७० नंतरच्या दशकांत हेंच अनुभवास आलें. तेथल्या भट्टींत प्लाझ्म्याची कड टंगस्टनला टेके, आणि गाभा कडेपेक्षां थंड पडे. टंगस्टन काढून कार्बन बसविला, व १९७८ सालीं तेथें ६ कोटी अंश गांठले गेले. कार्बनला इलेक्ट्रॉन अवघे सहा. गाभ्यांत ते सारेच सुटतात, मग फेकणार कोण? टंगस्टनचें नांव मागें पडलें.

पण कार्बनचा दोष निराळा, आणि तो अधिक गुप्त. त्याचें हायड्रोजनशीं सख्य फार. भिंतींतून सुटलेला कार्बन ट्रिटियम बरोबर घेऊन कानाकोपऱ्यांत थरांनीं बसतो. इंग्लंडमधील कल्हॅमच्या 'जेट' भट्टींत १९९७ च्या प्रयोगांत हें ठळकपणें दिसलें. ट्रिटियम किरणोत्सर्गी, दुर्मिळ, १२ वर्षांत निम्मा होणारा; तो भिंतीनेंच गिळला तर भट्टीनें काय खावें?

तेव्हां टाकून दिलेल्या टंगस्टनचें पुन्हां आर्जव करणें आलें. जर्मनींत गार्चिंग येथील भट्टीची सारी भिंत २००७ पर्यंत त्याचीच झाली. 'जेट'मध्यें २०११ पासून तळ टंगस्टनचा व भिंत बेरिलियमची होती. 'ईटर'ची भिंतही बेरिलियमची व्हावयाची होती. ती टंगस्टनची करण्याचें अलीकडे ठरलें. टंगस्टन बदलला नाहीं, त्याला वागविण्याची रीत बदलली. आतां तो प्लाझ्म्यापासून दूर ठेवतात आणि कडेला नायट्रोजन किंवा निऑन सोडून तेथला ताप आधींच विखुरतात. मग येणाऱ्या कणांत अणु उडविण्याचें बळच उरत नाहीं. फेब्रुवारी २०२५ मध्यें कादाराशच्याच 'वेस्ट' भट्टीनें टंगस्टनच्या भिंतींत प्लाझ्मा २२ मिनिटें टिकविला.

बावीस मिनिटें म्हणजे वर्षें नव्हेत. हीलियमच्या माऱ्यानें तापलेल्या टंगस्टनवर लोकरीसारखी सूक्ष्म लव उगवते. शिवाय संमीलनाच्या शक्तीचा सुमारें चार-पंचमांश भाग न्यूट्रॉन घेऊन जातात. त्यांवर विद्युद्भार नसल्यामुळें चुंबक त्यांना अडवीत नाहीं. ते भिंतींत घुसून अणु जागेवरून हलवितात, कांहीं टंगस्टनचें रेनियम व ऑस्मियम करून टाकतात, आणि मुळांतच ठिसूळ असलेला धातु अधिक ठिसूळ होतो. भट्टींत वर्षानुवर्षें बसणारा हा मारा कृत्रिम रीतीनें देऊन पदार्थ पारखण्याचें यंत्र स्पेनमध्यें ग्रानाडाजवळ उभारलें जात आहे. टंगस्टनची ती परीक्षा अद्याप व्हावयाची आहे.