पंचवीस डिसेंबरचं पायी लंडन

लंडनमध्ये नाताळच्या दिवशी भुयारी रेल्वे धावत नाही. बस नाही, ट्राम नाही, गावाबाहेर जाणाऱ्या गाड्याही नाहीत. ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम ही तर २४ ते २६ अशी तीन दिवस बंद. नाताळच्या सुट्टीत लंडन गाठणारी आपल्याकडची मंडळी हे कळल्यावर हिरमुसतात आणि तो दिवस हॉटेलच्या खोलीत काढतात. माझं सांगणं नेमकं उलट आहे. लंडनची वस्तुसंग्रहालयं पुढच्या आठवड्यातही पाहता येतील. पण रहदारी आणि गर्दी उतरलेलं हे अवाढव्य शहर पायी फिरायला वर्षातून हा एकच दिवस मिळतो. तो दवडू नये.

त्यासाठी मुक्काम मात्र मध्यवस्तीत हवा. टॅक्सी मिळते, पण भाडं चांगलंच चढं असतं. निघायचंही सकाळीच, कारण डिसेंबरअखेर इथे सूर्य आठनंतर उगवतो आणि चारच्या आत मावळतो. बर्फ पाहायला मिळेल या आशेवर तर जाऊच नये. लंडनचा नाताळ बहुतेक वर्षी ढगाळ, दमट आणि गारठलेला असतो. पाणी न शिरणारे बूट जाड कोटापेक्षा जास्त उपयोगी पडतात.

सुरुवात हाइड पार्कमधल्या सर्पेंटाइन तलावापासून करावी. १८६४ पासून इथल्या पोहणाऱ्यांच्या क्लबचे सभासद नाताळच्या सकाळी या गार पाण्यात शंभर यार्डांची शर्यत लावतात. ‘पीटर पॅन’चे लेखक जे. एम. बॅरी यांनी १९०४ मध्ये या शर्यतीला करंडक दिला, तेव्हापासून तिला पीटर पॅन कप म्हणतात. पाण्यात उतरतात ते सभासदच. बाकीच्यांनी काठावर उभं राहून टाळ्या वाजवायच्या.

तिथून ग्रीन पार्क, बकिंगहॅम राजवाडा आणि द मॉल या रस्त्याने ट्रफाल्गार चौकात यावं. इथे मात्र घाई करू नये. चौकातलं नाताळचं झाड नॉर्वेहून आलेलं असतं. १९४० मध्ये जर्मनीने नॉर्वे घेतला तेव्हा राजा हाकोन सातवे आणि त्यांचं सरकार लंडनला आलं आणि युद्ध संपेपर्यंत इथूनच लढत राहिलं. त्या आसऱ्याची आठवण ठेवून ऑस्लो शहर १९४७ पासून दरवर्षी लंडनला स्प्रूसचं एक झाड पाठवतं. ऑस्लोच्या परिसरातल्या जंगलातून निवडलेलं हे झाड साधारण वीस मीटरहून उंच असतं. ते तोडून जहाजाने आणतात आणि डिसेंबरच्या पहिल्या गुरुवारच्या सुमारास त्यावर दिवे लागतात.

जवळ जाऊन पाहिलं की दिव्यांच्या माळा झाडाभोवती गुंडाळलेल्या दिसत नाहीत. शेंड्यापासून बुंध्याकडे सरळ उभ्या सोडलेल्या असतात. ही नॉर्वेची पद्धत. चमचमते गोळे नाहीत, रंगीत फिती नाहीत. काही वर्षी झाड विरळ आलं म्हणून लंडनकर कुरकुरतात. मला हा साधेपणाच योग्य वाटतो. कृतज्ञतेपोटी आलेल्या भेटीला दुकानी थाट शोभला नसता. रीजंट स्ट्रीटवर १९५४ मध्ये पहिल्यांदा लागलेली आणि आज लाखो लोकांना खेचणारी रोषणाई अवश्य पाहावी, पण ती आदल्या संध्याकाळी. २५ तारखेचा मान या झाडाचा.

चौकाच्या दक्षिण टोकाला व्हाइटहॉलकडे तोंड करून घोड्यावर बसलेला पहिल्या चार्ल्स राजाचा पुतळा दिसतो. त्याच्याच काळात, १६४७ मध्ये, प्युरिटन पंथीयांच्या पार्लमेंटने नाताळचा सण रद्द केला होता. शास्त्रात आधार नाही आणि खाण्यापिण्याला ऊत येतो, हे त्यांचे आक्षेप. दोन वर्षांनी याच व्हाइटहॉलमध्ये राजाचा शिरच्छेद झाला. १६६० मध्ये राजेशाही परतली, तेव्हा सणही परतला.

आज जगभर दिसणारा घरगुती, मेजवानीचा आणि दानधर्माचा नाताळ घडवण्यात मात्र व्हिक्टोरिया राणीच्या काळाचा मोठा वाटा आहे आणि त्यात १८४३ चा डिसेंबर ठळक उठून दिसतो. १९ तारखेला चार्ल्स डिकन्स यांचं ‘अ ख्रिसमस कॅरल’ प्रसिद्ध झालं. त्याच महिन्यात हेन्री कोल या सरकारी अधिकाऱ्याने पहिलं नाताळचं भेटकार्ड छापून घेतलं. १८४० मध्ये एका पेनीत पत्र जाऊ लागलं होतं. ती व्यवस्था उभी करण्यात कोल यांचाही हात होता. परिणामी त्यांच्याकडे पत्रांचा ढीग साचला आणि प्रत्येकाला उत्तर लिहिणं अशक्य झालं. त्यांनी चित्रकार जॉन कॅलकॉट हॉर्सली यांच्याकडून चित्र काढून घेतलं. मध्ये तीन पिढ्यांचं कुटुंब प्याले उंचावून बसलेलं, एका बाजूला भुकेल्याला अन्न देणारे, दुसऱ्या बाजूला उघड्याला वस्त्र देणारे. कुटुंबातल्या लहान मुलीच्या ओठांशीही वाइनचा प्याला लावलेला दिसतो, त्यावरून दारूबंदीवाल्यांनी काहूर माजवलं. पुढे कोल ज्या संग्रहालयाचे पहिले संचालक झाले तेच आजचं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट; या कार्डाच्या प्रती तिथल्या संग्रहात आहेत.

डिकन्सचं लंडन पाहायला स्ट्रँड आणि फ्लीट स्ट्रीटने सेंट पॉल्सवरून कॉर्नहिलपर्यंत चालत जावं. कथेतला गरीब कारकून बॉब क्रॅचिट नाताळच्या आदल्या संध्याकाळी पोरांच्या रांगेत उभा राहून याच चढावर वीसदा घसरगुंडी खेळतो. एरवी इथे बँकांच्या नोकरदारांची रेटारेटी असते. २५ तारखेला गल्ल्या मोकळ्या असतात, आणि मुख्य रस्त्यापासून आत वळणाऱ्या, दोघं शेजारी चालले तर खांद्याला खांदा लागेल अशा बोळांचं जाळं पहिल्यांदा नीट कळतं. लंडनचं पहिलं कॉफीगृह १६५२ मध्ये अशाच एका बोळात, सेंट मायकल्स ॲलीत सुरू झालं.

खाण्याची सोय आधीच पाहून ठेवावी. बहुतेक हॉटेलं बंद असतात किंवा आगाऊ नोंदणीवर महागडं जेवण देतात. एजवेअर रोडवरची अरबी हॉटेलं मात्र बहुधा उघडी सापडतात. मिन्स पाय हा सुक्या मेव्याचं सारण भरलेला गोड पदार्थ आता बिनमांसाचा असला, तरी त्यात पूर्वापार गाईची चरबी घालत. शाकाहारी मंडळींनी वेष्टन वाचूनच घ्यावा.

गाड्या सुरू झाल्या की चॉक फार्म स्थानकावर उतरून प्रिमरोज हिलकडे जावं. टेकडीवरून सेंट पॉल्सच्या घुमटापर्यंतचं शहर दिसतं. टेकडीच्या उत्तरेला किंग हेन्रीज रोडवरचं १० क्रमांकाचं घर आहे. बाहेरच्या भिंतीवर गोल निळी पाटी. १९२१-२२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर इथे राहत होते. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये अर्धवट सोडावा लागलेला लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचा अभ्यास त्यांनी १९२० मध्ये परत येऊन पुरा केला आणि रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा प्रबंध १९२३ मध्ये लंडनमध्येच पुस्तकरूपाने निघाला. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये हे घर विकत घेतलं आणि तिथे स्मारक केलं. नाताळच्या आठवड्यात वेळा बदलतात, म्हणून आधी चौकशी करून जावं. पण या शहरात येऊन हे घर न पाहता मराठी माणसाने परतू नये.