रुग्णसुरक्षा आणि तपासणी-यादी : एक परिचय



आपल्या परिसरात वैद्यकीय सोयींची वानवा नाही. तारनाक्यातच राज्य परिवहन महामंडळाचे रुग्णालय आहे, जवळच लालागुड्यास दक्षिण मध्य रेल्वेचे मध्यवर्ती रुग्णालय आहे आणि खासगी रुग्णालयेही बरीच आहेत. तरीही घरातील कोणी दाखल झाले की कुटुंबीयांच्या मनात आजाराच्या धास्तीबरोबर आणखी एक धास्ती असते. उपचार करताना काही चूक तर होणार नाही ना? ही शंका निराधार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार उपचार घेणाऱ्या सुमारे दहा रुग्णांपैकी एकास उपचारांच्या ओघातच काही ना काही इजा पोहोचते आणि अशा इजांपैकी निम्म्याहून अधिक टाळता येण्याजोग्या असतात.

या इजांमागे बहुधा अज्ञान किंवा दुष्टावा नसतो. ठाऊक असलेली एखादी साधी गोष्ट घाईत राहून जाते. ती राहू नये म्हणून जगभर जी साधी साधने वापरात आली, त्यांची माहिती सभासदांना व्हावी या हेतूने हा लेख लिहिला आहे.

हैदराबादचा एक जुना धडा

रुग्णसुरक्षेच्या इतिहासात आपल्या शहराचे नाव सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वीच नोंदले गेले आहे. एकोणिसाव्या शतकात शस्त्रक्रियेसाठी क्लोरोफॉर्मची भूल देत असत. तिने वेदना थांबत, परंतु कधी कधी धडधाकट रुग्णही टेबलावरच दगावत. मृत्यू हृदय थांबल्याने होतो की श्वास थांबल्याने, यावर युरोपात मोठा वाद चालू होता. भूल देणाऱ्याने नाडीवर बोट ठेवावे की श्वासाकडे डोळे लावावेत, हा त्यातील व्यावहारिक प्रश्न होता.

हैदराबादच्या रेसिडेन्सीचे सर्जन एडवर्ड लॉरी यांचे मत ठाम होते की लक्ष श्वासावरच असावे. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या आश्रयाने १८८८ व १८८९ साली दोन ‘हैदराबाद क्लोरोफॉर्म आयोग’ नेमले गेले. दुसऱ्या आयोगासाठी लंडनहून टॉमस लॉडर ब्रन्टन हे नामांकित वैद्य येथे आले. कित्येकशे प्राण्यांवर प्रयोग होऊन निष्कर्ष निघाला की क्लोरोफॉर्मने आधी श्वास थांबतो, हृदय नंतर. याच काळात १८८५ साली येथील वैद्यकीय शाळेत दाखल झालेल्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी रूपाबाई फर्दुनजी यांनी लॉरी यांच्या हाताखाली भूल देण्याचे काम शिकून घेतले. जगातील आरंभीच्या महिला भूलतज्ज्ञांत त्यांची गणना होते.

आयोगाचा निष्कर्ष पूर्णांशाने खरा ठरला नाही. १९११ साली गुडमन लेव्ही यांनी दाखवून दिले की क्लोरोफॉर्मची भूल हलकी असताना हृदयाची लय बिघडून अचानक मृत्यू ओढवू शकतो. म्हणजे श्वासाकडे पाहणे आवश्यक होते, पण पुरेसे नव्हते. तरीही एक गोष्ट टिकून राहिली. रुग्ण भुलेत असताना कोणीतरी एकाच कामासाठी नेमलेले असावे, आणि ते काम म्हणजे रुग्णाकडे अखंड लक्ष ठेवणे. २०२० च्या करोना साथीत आपल्यापैकी अनेकांनी बोटाला लावून प्राणवायूचे प्रमाण पाहण्याचे जे छोटे यंत्र, म्हणजे पल्स ऑक्सिमीटर, घरी आणले, ते याच अखंड लक्षाचे आजचे रूप आहे.

यादीची कल्पना कोठून आली?

तपासणी-यादीचा उगम वैद्यकात नाही, विमानविद्येत आहे. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेतील डेटन येथे बोइंग कंपनीचे नवे बॉम्बर विमान चाचणीसाठी उडाले आणि लगेचच कोसळले. वैमानिक मेजर प्लॉयर हिल हे अत्यंत अनुभवी होते. त्यांच्यासह दोघांना प्राण गमवावे लागले. यंत्रात बिघाड नव्हता. जमिनीवर असताना शेपटीकडील नियंत्रणे अडकवून ठेवणारी खीळ उड्डाणापूर्वी काढायची राहून गेली होती. विमान इतके गुंतागुंतीचे झाले होते की केवळ स्मरणशक्तीवर विसंबणे धोक्याचे होते. त्यावर उपाय म्हणून वैमानिकांनी उड्डाणापूर्वी, उड्डाणाच्या वेळी व उतरताना पाहावयाच्या गोष्टींची एक छोटी यादी केली. तेच विमान पुढे बी-१७ या नावाने प्रसिद्धीस आले.

आपल्याला ही रीत परकी वाटू नये. कितीही अनुभवी गुरुजी असले तरी पूजेच्या साहित्याची यादी आधी देतात, यजमान एकेक वस्तू ताटात मांडून पाहतो, आणि संकल्पात तिथी, स्थळ व यजमानाचे नाव मोठ्याने उच्चारले जाते. कोणाचे, कोठे व कोणते कार्य चालले आहे हे सर्वांसमक्ष निश्चित व्हावे, हा त्याचा एक व्यावहारिक लाभ. शस्त्रक्रियागृहातील यादीही नेमके हेच करते.

वैद्यकात या कल्पनेचे यश ठळकपणे दिसले ते अतिदक्षता विभागांत. मोठ्या रक्तवाहिनीत नळी घातलेल्या रुग्णांना त्या नळीवाटे जंतुसंसर्ग होत असे. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाचे डॉ. पीटर प्रोनोव्होस्ट यांनी पाच गोष्टींवर भर दिला : हात धुणे, त्वचा योग्य औषधाने स्वच्छ करणे, संपूर्ण निर्जंतुक आवरणे वापरणे, शक्यतो जांघेतील शीर टाळणे आणि गरज संपताच नळी काढणे. यातील एकही गोष्ट नवीन नव्हती. नवीन होते ते इतकेच की एखादी पायरी गळाली तर डॉक्टरांना थांबवण्याचा अधिकार परिचारिकेला देण्यात आला. मिशिगन राज्यातील शंभराहून अधिक अतिदक्षता विभागांचा अनुभव २००६ साली प्रसिद्ध झाला. नळी असलेल्या दर हजार दिवसांमागे संसर्गाचे मध्यक प्रमाण २.७ होते, ते तीन महिन्यांत शून्यावर आले.

विदर्भाशी नाते असलेले शल्यविशारद

शस्त्रक्रियेसाठी अशी यादी तयार करण्याचे कार्य जागतिक आरोग्य संघटनेने ज्यांच्या नेतृत्वाखाली केले, ते डॉ. अतुल गावंडे मराठी कुटुंबातील आहेत. त्यांचे वडील डॉ. आत्माराम गावंडे हे यवतमाळ जिल्ह्यातील उमरखेड परिसरातील उटी या गावच्या शेतकरी घराण्यातले. ते अमेरिकेत जाऊन मूत्ररोगाचे शल्यविशारद झाले. अतुल यांचा जन्म १९६५ साली तिकडेच झाला.

त्यांच्या गटाने सिद्ध केलेली १९ मुद्द्यांची यादी २००८ साली प्रसिद्ध झाली. तिची चाचणी आठ देशांतील आठ रुग्णालयांत घेण्यात आली. त्यांत लंडन, टोरांटो, सिएटल यांच्याबरोबर नवी दिल्ली होती, तसेच टांझानियातील इफाकारासारखे छोटे गावही होते. यादीपूर्वीच्या ३,७३३ व यादीनंतरच्या ३,९५५ रुग्णांची तुलना जानेवारी २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आणि मोठ्या गुंतागुंती ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आल्या होत्या.

यादी तीन टप्प्यांची आहे.

१. भूल देण्यापूर्वी : रुग्णाकडूनच त्याचे नाव, शस्त्रक्रिया, जागा व संमती यांची खात्री करणे. जागेवर खूण केली आहे का? भुलेचे यंत्र व औषधे तपासली का? ऑक्सिमीटर लावून चालू आहे का? कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे का? श्वासमार्गात अडचण येण्याचा किंवा फार रक्तस्राव होण्याचा संभव आहे का?

२. छेद घेण्यापूर्वी : सर्वांनी आपापले नाव व काम सांगणे. रुग्ण, शस्त्रक्रिया व जागा यांचा पुन्हा उच्चार. गेल्या ६० मिनिटांत प्रतिजैविक दिले का? कोणत्या अडचणी येऊ शकतात?

३. रुग्णास बाहेर नेण्यापूर्वी : उपकरणे, सुया व कापसाचे बोळे यांची मोजणी जुळली का? तपासणीसाठी काढलेल्या नमुन्यावर नाव घातले का? पुढील देखभालीत कशाकडे लक्ष द्यावे?

एकमेकांना नाव सांगण्याचा मुद्दा वाचून काहींना हसू येईल. त्यामागील विचार असा की ज्याने आरंभी एकदा तोंड उघडले, तो पुढे काही चुकीचे दिसल्यास बोलण्यास कचरत नाही.

यादीच्या मर्यादा

सत्य पूर्ण सांगावयाचे तर यादी म्हणजे रामबाण उपाय नव्हे. कॅनडातील ऑन्टारियो प्रांतात ती सक्तीची केल्यावर १०१ रुग्णालयांचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यात मृत्यूंत लक्षणीय घट आढळली नाही. आपल्या देशातही असाच अनुभव आला. सुरक्षित प्रसूतीसाठी केलेल्या यादीची कर्नाटकातील एका प्रसूतिकेंद्रात २०१० साली चाचणी झाली, तेव्हा २९ आवश्यक कृतींपैकी सरासरी १० होत असत, त्या २५ पर्यंत गेल्या. पुढे उत्तर प्रदेशातील १२० केंद्रांत दीड लाखाहून अधिक प्रसूतींचा अभ्यास झाला व २०१७ साली प्रसिद्ध झाला. कर्मचाऱ्यांच्या कृती सुधारल्या, परंतु माता व अर्भकांचे मृत्यू मात्र कमी झाले नाहीत.

यावरून दोन गोष्टी कळतात. कागदावर खुणा करून यादी ‘भरता’ येते, ती पाळली गेली असे त्यावरून होत नाही. आणि जेथे रक्त, औषधे, कुशल मनुष्यबळ किंवा मोठ्या रुग्णालयात वेळेवर पोहोचण्याची सोय नाही, तेथे एकटी यादी ही उणीव भरून काढू शकत नाही.

औषधे : घरातील सुरक्षितता

शस्त्रक्रिया आयुष्यात एखाद्या वेळी होते, औषधे मात्र रोजची. म्हणून ज्येष्ठ सभासदांनी पुढील बाबींकडे विशेष लक्ष द्यावे ही विनंती.

औषधचिठ्ठीवरील खुणा समजून घ्याव्यात. ‘ओडी’ म्हणजे दिवसातून एकदा, ‘बीडी’ दोनदा, ‘टीडीएस’ तीनदा, ‘एचएस’ झोपताना आणि ‘एसओएस’ म्हणजे गरज पडली तरच. ‘१-०-१’ म्हणजे सकाळी एक व रात्री एक. आपल्या शहरात डॉक्टर इंग्रजीत लिहितात, दुकानदार तेलुगू किंवा हिंदीत सांगतो आणि घरी आजी मराठीत ऐकतात. या तीन भाषांच्या प्रवासात अर्थ बदलण्याचा धोका असतो, म्हणून मात्रा देवनागरीत लिहून पाकिटावर चिकटवावी.

सांधेदुखीसाठी दिले जाणारे मेथोट्रेक्सेट हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते. ते चुकून रोज घेतल्याने जिवावर बेतल्याच्या घटना जगभर नोंदल्या गेल्या आहेत. घेण्याचा वार ठरवून पाकिटावर ठळक लिहावा.

इन्सुलिनच्या कुप्या आपल्याकडे एका मिलिलीटरमध्ये ४० युनिट व १०० युनिट अशा दोन प्रकारच्या मिळतात. ४० साठी लाल टोपणाची व १०० साठी नारिंगी टोपणाची सिरिंज असते. १०० चे इन्सुलिन ४० च्या सिरिंजने घेतल्यास अडीचपट मात्रा शरीरात जाते आणि साखर एकदम उतरते. कुपी व सिरिंज यांवरील आकडा प्रत्येक वेळी जुळवून पाहावा.

एकादशी, चतुर्थी व नवरात्राचे उपवास करणाऱ्या मधुमेही भाविकांनी उपवासाच्या दिवशीच्या औषधांबद्दल आधीच डॉक्टरांना विचारावे. नेहमीची गोळी घेऊन अन्न वर्ज्य केल्यास साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते.

रुग्ण व नातेवाईक यांनी काय करावे?

१. चालू असलेली सर्व औषधे (आयुर्वेदिक व घरगुती धरून), मात्रा, ॲलर्जी, पूर्वीच्या शस्त्रक्रिया व रक्तगट यांचा एक कागद तयार ठेवावा. त्याची एक प्रत पाकिटात व एक मुलांकडे असावी, मुले परदेशी असली तरीही.

२. रुग्णालयात प्रत्येक औषधापूर्वी आपले पूर्ण नाव स्वतः सांगावे. नुसते ‘हो’ म्हणू नये, कारण एकाच कक्षात एकाच नावाचे दोन रुग्ण असू शकतात.

३. शस्त्रक्रियेपूर्वी जागेवर खूण आपल्यासमक्ष करून घ्यावी आणि “तपासणी-यादी वापरली जाते ना?” असे विनयाने विचारावे.

४. तपासण्यास येणाऱ्यांना हात स्वच्छ करण्याची आठवण देण्यास संकोचू नये. व्हिएन्नात १८४७ साली डॉ. सेमेलवाइस यांनी हात धुण्याचा नियम घातल्यावर त्यांच्या प्रसूतिकक्षातील मृत्यू एप्रिलमधील सुमारे १८ टक्क्यांवरून जूनपर्यंत सुमारे २ टक्क्यांवर आले होते.

५. घरी सोडताना कोणती औषधे नवी, कोणती बंद, कोणती बदलली, पुन्हा केव्हा यावे आणि कोणती लक्षणे दिसल्यास तत्काळ यावे, हे लिहून घ्यावे व डॉक्टरांना परत म्हणून दाखवावे.

६. कागदपत्रांच्या प्रती मागाव्यात. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१८ साली तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत माहिती, संमती व कागदपत्रे मिळण्याच्या हक्कांचा समावेश आहे.

प्रश्न विचारणे म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास दाखवणे, अशी आपल्या पिढीची समजूत आहे. वडीलधाऱ्यांपुढे व वैद्यांपुढे गप्प राहण्याचे संस्कार आपल्यावर झाले आहेत. वर दिलेले सारे अनुभव मात्र सांगतात की चांगल्या वैद्याला असा प्रश्न खटकत नाही, उलट त्याचे काम सोपे होते. मिशिगनमधील परिचारिकांनी डॉक्टरांना थांबवले, म्हणून रुग्ण वाचले. आपल्या घरचा रुग्ण अंथरुणावर असताना हे बोलण्याची जबाबदारी आपल्यावर येते.

सभासदांनी या आठवड्यातच घरातील ज्येष्ठांच्या औषधांचा कागद तयार करावा, आणि ज्यांची मुले दूर आहेत अशा शेजाऱ्यांनाही त्यात हातभार लावावा, ही विनंती. मात्रा किंवा औषध यांत कोणताही बदल मात्र आपल्या डॉक्टरांना विचारूनच करावा.

सर्वांना निरामय दीर्घायुष्य लाभो, ही प्रार्थना.

– सचिव